दोन पाळ्यांचं घर

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा भंडाऱ्यात कोणाकोणाच्या पोटात दुखलं म्हणतात. साफ खोटं. त्या काळात जिल्ह्याची सगळी पोटदुखी माझ्या एकटीच्या नावावर होती. दर महिन्याला, त्या चार दिवसांतल्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कोणीतरी नांगर धरायचं, आणि मी अशी ओरडायची की आमच्या करडी गावचे बगळे उडून थेट आंबागडच्या किल्ल्यावर जाऊन बसायचे. एवढी फौज त्या किल्ल्यावर कोणत्या राजाच्या काळातही चढली नसेल.

उपाय सगळे झाले. ओवा चावला, हिंग चोळला, पोटावर गरम वीट ठेवली. विटेलाच चटका बसला, मला काही फरक पडला नाही.

आमच्या घरात एक सोय मात्र होती. बाबा वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात होते. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी, कधी रात्रपाळी. त्यामुळे जो शब्द बाकीच्या घरांत दार लोटून बोलतात, तो आमच्याकडे भर अंगणात ओरडता यायचा. "पाळी कवा हाय वो?" माय मला विचारायची. न्हाणीतून बाबाच उत्तर द्यायचे, "दुपारची!" शेजारणीला वाटायचं, डब्याची घाई आहे.

अशात आंबागडची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझ्यासाठी स्थळ घेऊन आली. मुलाचा ट्रॅक्टर होता. बाकी मुलाबद्दल ती फारसं बोलली नाही.

"लगन करून टाका पोरीचं," आत्या म्हणाली. "संसाराले लागली का दुखनं असं पळते, पायात चप्पल घालत नाही. नाहीतरी दर महिन्याले कालेज बुडवून लोळतच राहते. धान घरात आले का पाहुने आनतो."

माझं कॉलेजचं एक वर्ष उरलं होतं. मला ते पुरं करायचं होतं, ट्रॅक्टर गेला खड्ड्यात. पण माझा हंबरडा ऐकून ऐकून माय विरघळली होती. शेवटी ठरलं की एकदा भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. गुण आला तर कॉलेज, नाही तर पाहुणे.

पुढची कळ आली, नेमकी त्याच दिवशी माय कापणीला निघालेली. मोटारसायकलवर मला बसवताना तिनं बाबांच्या कानात सांगितलं, "बाईले सांगजा, पाळीत लय तरास होते म्हनून. ते समजते."

बाबा गहिवरले. इतक्या वर्षांनी बायकोला आपल्या कंबरेची काळजी वाटली, असं त्यांना वाटलं.

दवाखान्यात मी तपासायच्या टेबलावर गाठोडं होऊन पडले. बोलायचं त्राण नव्हतं. खुर्चीवर बाबा.

"पाळी नियमित आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदम. दर हप्त्याले बदलते जी."

पेन थांबला. "दर आठवड्याला?"

"हो ना. कधी सकाळची, कधी दुपारची. रातची सर्वात खराब."

"कधीपासून?"

"हे पोरगी पाळन्यात होती ना, तवापासून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आणि काय त्रास होतो?"

"कंबर धरते, पाय सुजतेत. पर सुपरवायझर सुट्टी देईल तवा ना!"

हसले तर दुखत होतं, न हसले तर मेलेच असते. "बाबा," मी किंचाळले, "तुमची नाही, माझी!"

बाबांचा चेहरा भट्टीतून नुकत्याच काढलेल्या सळईसारखा झाला. ते दाराकडे निघाले.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे तुम्हीच ऐकायचं आहे."

बाबा बसले. बाईंनी मला तपासलं, सोनोग्राफी केली. आत काही वावगं नव्हतं. दुखण्याची चाहूल लागताच, जेवण करून गोळी घ्यायची, दुखणं डोक्यावर चढून बसल्यावर नाही. सोबत गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. तेवढ्यानं भागलं नाही तर परत यायचं, अजून औषधं आहेत. मुकाट सोसायचं मात्र नाही.

बाबांनी जमिनीकडे पाहत विचारलं, "लगनानं बरं होते का जी?"

"बाहेर बाकावर बघा," बाई म्हणाल्या. "सगळ्या मंगळसूत्रवाल्या. त्या काय वऱ्हाडी म्हणून आल्यात?"

पुढच्या महिन्यात गोळी घेतली. दुखलंच नाही असं म्हणणार नाही. पण नांगराच्या जागी खुरपं आलं. मी कॉलेजात गेले. बगळे अजून तयारीत बसलेले असतील बिचारे.

धान घरात आलं आणि आत्या हजर झाली. "पाहुने कवा आनू?"

"नको, बाई," बाबा म्हणाले. "पोरीले शिकू दे."

"अन् दुखनं?"

"त्याले गोळी हाय."

"गोळी काय जनमभर खाईल?"

"मंग नवरा काय जनमभर पुरते? गोळी तरी पोटात जाऊन काम करते."

चुलीपाशी माय अशी हसली की भाताखालचा जाळ विझला. आत्यानं रागानं पदर खोचला आणि एसटीला निघाली. तिला पोचवायला मीच गेले, मायनं दिलेली लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्या दिवशी माझ्या पाळीचा पहिलाच दिवस होता. आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोणचं विटेल म्हणून तिनं बरणी रस्त्यावरच सोडली असती.

ते लोणचं पुढच्या कैऱ्यांपर्यंत टिकलं. असं चांगलं लोणचं उभ्या जन्मात खाल्लं नाही, हे आत्याच गावभर सांगत होती.