मागे घेतलेली टाळी

वसईत भाषण करणारे मी शेकड्यांनी पाहिले, पण भाषण ऐकणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. त्यांची सगळी नोकरी कोर्टात साक्षी लिहून घेण्यात गेली. निवृत्त होऊन आमच्या एव्हरशाईन सिटी कॉलनीत राहायला आल्यावर साक्षीदार उरले नाहीत, म्हणून त्यांनी वक्ते धरले. कॉलनीतलं व्याख्यान असो नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन, मामा दुसऱ्या रांगेत आणि मांडीवर वही. वक्ता "सगळं जग मान्य करतं" म्हणाला की ते वहीत "कोण कोण?" असं लिहीत. मग चहाच्या टेबलापाशी त्याला गाठून अतिशय आदराने विचारत, "हे आपण स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?" एक प्राध्यापक तर अर्धा वडा बशीत तसाच टाकून रिक्षात जाऊन बसले होते. शेवटी संयोजकांनी वैतागून मामांना आभारप्रदर्शनाचं काम दिलं, तर मामांनी वक्त्यांच्या अकरा विधानांपैकी सात विधानांबद्दल आभार मानले.

टाळीच्या बाबतीत ते फारच कडक होते. "टाळी म्हणजे सही. न वाचता सही करता का तुम्ही, जावईबापू?" असं मला दटावत. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या लग्नात टोस्ट देणारे गृहस्थ रंगात येऊन म्हणाले की नवरामुलगा जन्मात कधी खोटं बोललेला नाही. सगळ्यांचे ग्लास वर गेले. मामांनी आपला सरबताचा ग्लास हळूच खाली ठेवला आणि मुलाच्या आईला म्हणाले, "आशीर्वाद पूर्ण आहे, फक्त तेवढ्या वाक्याला माझी हरकत नोंदवा." त्या माउलीने हसून त्यांना केकचा मोठा तुकडा वाढला.

अशा माणसाच्या हातून ती टाळी गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा होता. आमच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं आणि नेमकी तेव्हाच कॉलनीत व्याख्यानमाला सुरू झाली. पहिल्या दिवशीचा वक्ता फर्डा होता. म्हणाला, "पाइप फुटत नाहीत मंडळी, फोडले जातात! पाचूबंदरच्या कोळीवाड्यात मासळीच्या बर्फासाठी पाणी कुठून येतं, विचारा!" मंडपात हशा आणि टाळ्यांचा कडकडाट. चार दिवस बिनआंघोळीच्या मामांनीही कडाडून टाळी वाजवली. वही मिटलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचूबंदरची आमची नेहमीची कोळीण टोपली घेऊन आली, तर बायकांनी तिला गॅलरीतूनच पिटाळलं. "आमचं पाणी चोरता आणि वर आम्हालाच मासे विकता?" ती वर बघत म्हणाली, "बाय, आमी पन टँकरचंच पानी पितो गो!" कोणी ऐकलं नाही. भरली टोपली डोक्यावर घेऊन ती परत गेली. मामा गॅलरीत उभे राहून हे बघत होते. दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

ताटावरून उठून मला बरोबर घेऊन ते रिक्षाने पाचूबंदरला गेले. तिथे टँकरसमोर हंड्यांची ही मोठी रांग, आणि रांगेत तीच कोळीण. मामांनी हात जोडले. "बाई, काल सभेत तुम्हा लोकांवर आळ घेतला गेला. मी काही न पाहता त्यावर टाळी वाजवली. चुकलो."

तिने आधी हंडा पुढे सरकवला. मग म्हणाली, "हितं मला सांगून काय व्हनार, बाबा? जिथं वाजवली तिथं सांगा. माझी टोपली तिथं अडलीय."

संध्याकाळी दुसरं व्याख्यान सुरू होण्याआधी मामा उभे राहिले. "काल मी एका वाक्याला टाळी दिली. आज जाऊन पाहिलं. पाचूबंदरलाही पाणी नाही. पाइप फोडताना कोणाला पाहिलं, हे बोलणाऱ्याने सांगितलं नाही, आणि मीही त्याला तसं विचारलं नाही. माझी टाळी मी मागे घेतो. माझ्याबरोबर ज्यांनी वाजवली, त्यांनी उभं राहावं."

 अध्यक्ष म्हणाले, "बसा हो मामा, झालं गेलं." मामा बसले नाहीत. बहात्तर वर्षांचा तो माणूस व्याख्यान संपेपर्यंत, चांगला सव्वा तास, एकटा उभा राहिला. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. आदल्या दिवशी मीही टाळी वाजवली होती, आणि चांगली जोरात. पण पुढे सोसायटीचे सेक्रेटरी, मागे सगळे ओळखीचे. मी आपला चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसून राहिलो.

आठेक दिवसांनी कोळणीची टोपली आमच्या बिल्डिंगखाली पुन्हा उतरली. आधी दोन घरांनी मासे घेतले, मग हळूहळू सगळ्यांनी. तिच्यापुरतं ते प्रकरण मिटलं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी घरी परतताना त्यांचे पाय भरून आले होते. जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "जरा सावकाश चला, जावईबापू." तुम्ही का उठला नाहीत, असं त्यांनी मला तेव्हा विचारलं नाही, आणि नंतरही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.