कुंडीमागचा चेंडू
आज गच्चीवरची मोगऱ्याची कुंडी सरकवली, तर मागे लिंबाएवढा पांढरा प्लॅस्टिकचा चेंडू सापडला आणि नुंगंबाक्कमच्या याच गच्चीवरच्या त्या संध्याकाळची भीती पुन्हा अंगावर आली. मुलगी तेव्हा शाळेच्या बेसबॉल संघात होती. बारीक बॅटने लहान चेंडू मारता आला की सामन्यातला मोठा चेंडू सोपा जातो, म्हणून कोचने तिला हा सराव दिला होता. मी समोरून चेंडू टाकायचो आणि किती लागले, किती हुकले याचा सवयीने मनात हिशेब ठेवायचो. त्या दिवशी हवा चिकट होती, खालून कुणाकडचा तरी फोडणीचा वास येत होता. नेहमीसारखी डावा खांदा माझ्याकडे करून ती उभी राहिली की चेंडू हुकत होते. गंमत म्हणून उलटी, उजवा खांदा पुढे करून उभी राहिली, तर लागत होते. “अप्पा, तुम्ही नीट टाकत नाही,” ती वैतागली. मी तर दोन्ही वेळा सारखेच टाकत होतो. सवयीच्या बाजूनेच चुका जास्त, हे मला पटेना. त्या बाजूने उभं राहिलं की चेंडूकडे डावा डोळा पुढे असतो. जवळ जाऊन मी तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला, दुसरा हात तिच्यासमोर धरला आणि विचारलं, “बोटं किती?” ती हसली. “अय्यो अप्पा, आधी हात तरी वर करा!” हात वरच होता. डॉक्टरांनी तपासलं, तर डाव्या डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटत चालला होता. लगेच शस्त्रक्रिया झाली म्हणून नजर वाचली. आता ती शोळिंगनल्लूरला नोकरी करते. घरी आली की मी अजूनही तिच्या डावीकडे उभा राहून हळूच हात वर करतो. “तीन बोटं, अप्पा,” ती मान न वळवता म्हणते, “आता जेवायला बसू या?”