बांधावरून मारलेली हाक

रानातून ‘आलो गं’ असं उत्तर आलं तेव्हा भर दुपार होती आणि रानात ऊस नव्हता. महिन्यापूर्वीच तोडून कारखान्याला गेलेला. आमचं घर रानातच आहे. ओट्यावरून पार विहिरीपर्यंत नुसतं पाचट दिसत होतं, माणूस एकही नाही. आवाज माझ्या नवऱ्याचा होता, आणि ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. भुताखेतांवर विश्वास कधी नव्हता, आजही नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर ढोंगी म्हटलेलं आहे. तरी झालं ते लिहिते.

आम्ही कुंडलचे. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. भाकरी घेऊन बांधावर गेलं की नुसतं ‘ओ’ म्हणून हाक मारायची. प्रत्येकीची हाक वेगळी. माझी शेवटाला वर चढायची. कुणाची बायको आली ते शिवारातले पुरुष हाकेवरून ओळखायचे.

पाच वर्षांपूर्वी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. घशात दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींना लागून थरथरल्या की आवाज निघतो. माझी डावी निजूनच राहिली. तोंडातून नुसता वारा. मग मी बांधावर ताट वाजवायला लागले. एकदा जेवताना हे म्हणाले, “ताट बडवत जाऊ नको. मी काय कुत्रं हाय?”

दुसऱ्या दिवशी मी वाजवलं नाही. भाकरी घेऊन बसून राहिले... भूक लागली की येतील म्हटलं. ते उसात पडले होते. दिवस मावळताना सापडले. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तर वाचले असते.

भावाची नात प्रियांका सांगलीला इंजिनिअरिंग शिकते. माझ्या घशात कॅमेरा घालून काढलेली फिल्म तिने नेली आणि त्यावरून माझ्या पट्ट्या कॉम्प्युटरमध्ये तयार केल्या. पुन्हा ऑपरेशन करून डावी पट्टी मध्ये सरकवली तर आवाज कसा येईल, ते ऐकवायला त्या दुपारी ती कॉम्प्युटर घेऊन ओट्यावर बसली होती. आधी डावी निजवून ऐकवलं — माझाच फुसका वारा.

“आता दोन्ही चालू करते. आज्जी, हसू नगंस, भोंग्यावानी एकच सूर निघंल.”

“भोंगा तर भोंगा. लाव,” मी कुजबुजले.

निघाली ती माझी हाक. शेवटाला चढलेली. आणि रानातून उत्तर आलं, ‘आलो गं.’

प्रियांका उठून उभी राहिली. “आज्जी, कोण हाय गं तिकडं?”

मी ‘कुणी नाही’ अशी मान हलवली.

तिने तेच परत लावलं. सपाट सूर, भोंग्यासारखा. किती वेळा लावलं... तसाच. “सूर चढवायचं मी कायबी घातलंच न्हाई,” ती म्हणत राहिली. तिच्या सरांनाही उलगडा झाला नाही. मला तर नाहीच.

ऑपरेशनला मी नको म्हटलं. हाक मारायची तर कुणाला?

ते ‘आलो गं’ आम्ही दोघींनीच ऐकलं. प्रियांका सांगलीला असते. इथं मी एकटी आहे.