जीपपेक्षा जवळची दुबई

मी घरातला पहिला पदवीधर. त्याचे सर्वांत मोठे श्रेय जव्हारच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना. नकाशावर दोरा ठेवून त्या अंतर मोजायला लावत आणि लगेच विचारत, "मग पोचायला वेळ किती?" त्या प्रश्नाने उलगडलेला एक गुन्हा मी विसरू शकत नाही.

निवृत्तीपूर्वी पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक जव्हारलाच होती. तालुक्यातल्या वांगणी गावची एक आई पोलीस ठाण्यात आली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी एका दलालाने घरकामासाठी दुबईला नेली होती. आईचा मुलीशी फोन दलालाच्याच मोबाइलवरून व्हायचा. मुलगी रडून एवढेच म्हणायची, "आये, मला ने."

दलालाला बोलावले. पासपोर्ट मुंबईच्या पत्त्यावर काढल्याचे त्याने सांगितले. त्याची खात्री करायची, मग दूतावासाशी पत्रव्यवहार, म्हणजे महिने जाणार. मी आईला तसे समजावू लागलो.

"एवढी लांब कशी असंल, साहेब?" ती म्हणाली. "पोर म्हनं, इमानात बसली नी जरा डोळा लागला, तं उतरा म्हनले. आमची जीप जव्हारला याया जास्त येल लावते."

हवालदार हसले. "मावशी, तुमच्या जीपपुढं बैलगाडीसुद्धा विमानच!"

मला हसू आले नाही. वांगणीची जीप, रस्ता कितीही खराब असला तरी, दीड तासात येते. मी घरून नकाशासंग्रह मागवला, फाइली बांधायचा दोरा घेतला आणि मुंबईपासून दुबईपर्यंत ताणून पाहिला. मग दलालाला आत घेतले.

"दुबईला विमानाला किती वेळ लागतो रे?"

"तीन तास तरी, साहेब. मी स्वतः गेलोय ना!"

"मग ही पोर दीड तासाच्या आत कशी पोचली?"

त्याने पाणी मागितले. संशयिताने पाणी मागितले की घाई करू नये. ग्लास रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "हैदराबाद."

"मग विमानाचा खर्च कशाला केलास?"

"रेल्वेनं नेली असती तर स्टेशनांची नावं वाचत गेली असती. परदेशात आहे असं वाटलं की पोरी पळत नाहीत, साहेब."

गुन्हा नोंदवून त्याच दिवशी पथक रवाना केले. हैदराबादला ती कामाला होती त्या बंगल्याचे दार उघडताच मुलीने आमच्या महिला शिपायाला विचारले, "ताई, पासपोर्ट मालकाकडं हाये. मला सोडतील का?"

"अगं, हा आपलाच देश आहे."

परतताना रेल्वेत ती प्रत्येक स्टेशनाचे नाव मोठ्याने वाचत होती.

साधी माणसे अंतर त्यांच्या मापाने सांगतात. ते माप हसण्यावारी नेऊ नये, हे मी त्या आईकडून शिकलो. मुलगी वांगणीला पोचली त्या संध्याकाळी मी पत्र लिहिले:

"आदरणीय बाई, सा. न. आज पुन्हा नकाशावर दोरा ठेवला. दुबईचा दोरा हैदराबादच्या तिप्पट भरला. तेवढ्या फरकात आपल्याकडची एक मुलगी हरवली होती. ती घरी पोचली आहे. वेळ विचारायला तुम्ही शिकवले होते. आपला विद्यार्थी."