घरातल्या तापमानाला वाळवलेली पानं

खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात जगभर इतक्या ठिकाणी नाव छापलं गेलेलं दुसरं माणूस नसेल, आणि त्या नावाची इतकी कमी चौकशी करणारंही नसेल. हे माणूस म्हणजे माझ्या बायकोची आत्या. मी ऐकीव सांगत नाही. खोपोलीतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे आकडा पडताळल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. आत्यांनी मुंबईच्या एका संस्थेत पेशीतल्या रेणूंवर संशोधन केलं. भाताचं रोप दिवसेंदिवस पाण्यात उभं राहूनही कुजत का नाही, या एका प्रश्नापाठी त्यांनी तारुण्य आणि प्रौढपण दोन्ही घातलं, आणि निवृत्त झाल्यावर खालापूरच्या अलीकडच्या माहेरच्या गावी भाच्याच्या घरी राहायला आल्या. गावाला एवढंच माहीत होतं की बाई मुंबईत भाताचं काहीतरी करायच्या. गावात सगळेच भाताचं काहीतरी करत असल्यामुळे कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते मला. शास्त्रज्ञांच्या जगात एक चांगली रीत आहे. दुसऱ्याच्या कामावर आपलं काम उभं केलं असेल तर आपल्या लेखाच्या शेवटी त्याच्या लेखाचा उल्लेख करायचा. असे उल्लेख किती झाले, ते आता कोणालाही मोबाईलवर मोजून मिळतं. मुलाने मला ते पान काढून दिलं तेव्हा मी आत्यांच्या नावापुढची चार आकडी संख्या पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. जपान, ब्राझील, नायजेरिया, व्हिएतनाम, कुठे म्हणून त्यांचा उल्लेख नव्हता असं नाही. दर रविवारी मी तो आकडा पाहू लागलो. आत्यांना सांगितलं तर त्या गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, "जावईबापू, त्यातल्या निम्म्यांनी तो लेख उघडलासुद्धा नसेल. दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतला असेल. वाचणारे वेगळे आणि उल्लेख करणारे वेगळे."

गंमत अशी की तो डोंगराएवढा आकडा त्यांच्या आयुष्यभराच्या प्रश्नाला मिळालेलाच नव्हता. रोप का कुजत नाही, यावरचे त्यांचे मोठमोठे लेख मोजक्या जाणकारांनीच घेतले. जगाने उचलून धरला तो त्यांचा दोन पानी लेख, त्यात भाताच्या पानातून स्वच्छ डीएनए काढायची एक स्वस्त युक्ती होती. महागडं यंत्र नको, बर्फाचं कपाट नको. पानं वाळवायची, कुटायची, साध्या रसायनांनी धुवायची. गरीब प्रयोगशाळांना हे वरदानच वाटलं. "जन्मभर स्वयंपाक केला आणि नाव झालं ते चाळणीचं," आत्या म्हणायच्या. त्या म्हणण्यात कडवटपणा मी तरी कधी ऐकला नाही. उलट चाळणीचं हसूच येत असावं.

त्या उल्लेखाच्या रीतीचा आत्यांच्या स्वभावावर इतका परिणाम झाला होता की उगम सांगितल्याशिवाय त्या साधं वाक्यही बोलत नसत. आमच्या घरी जेवायला आल्या की म्हणायच्या, "आमटी सुरेख झाली आहे, पण चिंचेऐवजी आमसूल घालायची कल्पना तुमच्या आईची, त्यांचं नाव घेतलं पाहिजे." हे कौतुकाच्या बाबतीत छान होतं. गावगप्पांच्या बाबतीत त्याने हाहाकार उडवला. शेजारच्या काकूंनी एकदा ओटीवर बसून सांगितलं की पलीकडच्या घरातली सून सासूशी भांडून माहेरी गेली. चार दिवसांनी ती सून परत येताना दिसली, तर आत्या भर रस्त्यात तिला म्हणाल्या, "अगं, तू भांडून गेलीस असं मला या काकूंनी सांगितलं. त्यांना दूधवाल्याने सांगितलं. प्रत्यक्ष पाहिलेलं कोणीच नाही, म्हणून म्हटलं मूळ माहिती तुझ्याकडूनच घ्यावी." सून भावाच्या साखरपुड्याला गेली होती. त्यानंतर आत्या ओटीवर आल्या की बायका फक्त हवापाण्याचं बोलत. माझ्या मेहुण्याची बायको, आत्यांची भाचेसून, मला म्हणाली, "भावोजी, आत्याबाई आल्यापासनं आमच्या आळीत कोणाचं कायपन वाईट होत नाय. झालं तरी आमाला कळत नाय."

औषधाच्या बाबतीत तर त्यांच्या तावडीत सापडलेल्याची सुटका नव्हती. एका पावसाळ्यात आम्ही सगळे तिथे मुक्कामाला असताना घरभर सर्दी पसरली. भाचेसुनेने आलं-तुळशीचा काढा केला. आत्यांनी पातेलं ताब्यात घेतलं आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्या घराला काढा दिला, निम्म्याला नुसतं गरम पाणी. मला काढा आला, बायकोला पाणी. दोघेही एकाच दिवशी बरे झालो. आत्यांनी भाचेसुनेला शांतपणे सांगितलं, "काढा चवीला उत्तम होता. बरं करण्याचं श्रेय मात्र त्याला देता येणार नाही."

"मग मी आलं किसत बसले ते कशाला?"

"ते कळायलाच तर किसलं, गं."

भाचेसून पदर खोचून आत गेली, पण दुसऱ्या दिवशी चहात आलं घालताना तिने विचारलं म्हणे, "आज कोणाला घालू नको, ते आधी सांगा."

अशा बाईंना मागच्या पावसाळ्यात एक मेल आली. आफ्रिकेतल्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीने लिहिलं होतं की तुमच्या युक्तीने माझ्या पानांतून काहीच धड निघत नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात की जगात सगळ्यांना जमतं, तुलाच जमत नाही, कारण तू निष्काळजी आहेस. या हंगामात जमलं नाही तर मला संशोधन सोडून घरी जावं लागेल. तिने चुकूनही आत्यांना दोष दिला नव्हता. माझ्या हाताचं काय चुकत असेल, एवढंच विचारलं होतं.

मी म्हणालो, "आत्या, हजारो लोकांनी उल्लेख केला आहे. एवढा आकडा खोटा कसा असेल? पोरीचंच काहीतरी चुकत असणार."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताळेबंदात एक बाजू लिहून दुसरी कोरी सोडली असावी. "ज्यांना जमलं त्यांनी लेख लिहिले, उल्लेख केला. ज्यांना जमलं नाही ते गप्प बसून घरी गेले. जावईबापू, तुमच्या आकड्यात ते कुठे आहेत?"

हिशेबात एवढी वर्षं घालवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

खोपोलीच्या एका महाविद्यालयात आत्यांची एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत आत्यांनी आपलाच लेख समोर ठेवून आपलाच प्रयोग केला. डीएनए चांगला निघाला तर जेलीसारख्या पट्टीवर दिव्याखाली उजेडाची बारीक रेघ दिसते, बिघडला तर नुसता धूसर ओघळ. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा ओघळ आला. स्वतःची युक्ती स्वतःला जमेना. माझी बायको हळूच म्हणाली, "आत्या, आता वय झालं, हात थरथरतो, कोणी काही म्हणणार नाही." आत्या म्हणाल्या, "हात थरथरल्याने असा ओघळ येत नाही. पान आधीच सडलेलं आहे."

मग दोन दिवस त्या फक्त लेखाची ती दोन पानं वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना घास हातात धरून त्यांनी वर स्लॅबकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. "पानं घरातल्या तापमानाला वाळवली, असं मी लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "पण कुठे वाळवली होती मी?"

तो लेख झाला त्या वर्षी वडील आजारी होते म्हणून आत्या सगळा पावसाळा याच घरात होत्या. तेव्हा इथे कौलं होती, खाली चूल होती आणि चुलीवर टांगलेली बांबूची ताटी होती. बी-बियाणं, सुकट, मिरच्या, पावसाळ्यात जे काही कोरडं ठेवायचं ते त्या ताटीवर. आत्यांनी पानंही तिथेच टाकली. कोणी ठरवलं नव्हतं, वाळवायची वस्तू दुसरीकडे ठेवायची असते हेच त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. मुंबईला जाऊन लिहिताना त्यांच्या मनात "घरात" म्हणजे ताटीवरच होतं. वाचणाऱ्याने ते खोलीतल्या दोरीवर असं समजून घेतलं. ज्यांच्याकडे वाळवायचं यंत्र होतं त्यांना जमलं. ज्यांच्याकडे नव्हतं, आणि बाहेर आमच्यासारखा पाऊस होता, त्यांची पानं वाळण्याआधीच आतून सडली. म्हणजे ज्या गरिबांसाठी युक्ती काढली, नेमके तेच फसले.

आता घरात गॅस. चूल उरली ती मागच्या पडवीत, आंघोळीचं पाणी तापवायची. तिच्यावर आम्ही तारेची जाळी टांगली. निम्मी पानं जाळीवर, निम्मी आतल्या खोलीत दोरीवर. जाळ मंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. भाचेसून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्याबाई, आज पानांनी आंघोळ करायची का मानसांनी?"

"आधी पानांनी. माणसं उद्या."

"मग भावोजी, तुमी लाकडं तरी ओली घालू नका. डोळं फुटतील आमचं."

खोपोलीच्या त्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत मी आत्यांच्या मागे उभा होतो. दिवा लागला. दोरीवरच्या पानांचा ओघळ. जाळीवरच्या पानांची रेघ, स्वच्छ, कोणीतरी पट्टीने मारावी तशी. पुन्हा केलं, पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदाही तेच. चार आकडी संख्या ऐकून शेंगा मोडत राहणाऱ्या आत्या त्या दिवशी टेबलाला धरून लहान मुलीसारख्या हसल्या. "सापडली," त्या म्हणाल्या. "चूक सापडली. माझी आहे."

मी भीतभीत विचारलं की हे जगाला सांगायलाच हवं का, मुलीला एकटीला कळवलं तर चालणार नाही का. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती एक विचारायला आली. बाकीच्या पोरी आपल्याला अक्कल नाही असं समजून गेल्या असतील. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. छापून येईल तिथेच त्यांना दिसलं तर दिसेल." त्याच रात्री त्यांनी मुलीच्या मार्गदर्शकाला लिहिलं की तुमची विद्यार्थिनी निष्काळजी नाही; लेखात लिहिलं होतं तसंच तिने केलं, लेख अपुरा होता. नियतकालिकालाही दुरुस्ती पाठवली. मुलीला हंगाम संपेपर्यंत मुदत मिळाली आणि पुढे तिची रेघही आली. व्हिडिओवर ती पुन्हा पुन्हा पट्टीच पुढे धरत राहिली, तेव्हा आत्यांनी तिला विचारलं, पाऊस फार आहे का तिकडे.

आता त्या प्रसिद्ध लेखाच्या माथ्यावर "दुरुस्ती पाहा" अशी ओळ आली आहे. मला ती पहिल्यांदा डागासारखी दिसली, खोटं कशाला सांगू. या उन्हाळ्यात आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी होती. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "ते छापून आलंय ना, मला वाचून दाखवा. मराठीत सांगा, म्हणजे घरात सगळ्यांना कळेल." भाचेसून दारात येऊन उभी राहिली. मी मोबाईल धरून सावकाश सांगितलं: लेखात घरातल्या तापमानाला असं म्हटलं आहे ते चूक आहे. पानं पेटत्या चुलीच्या वर, धुरात, वाळवलेली होती. दमट हवेत ती तशीच वाळवावीत. ज्यांना या चुकीमुळे अपयश आलं त्यांची लेखिका क्षमा मागते.

डोळ्यांवरच्या हिरव्या कापडाखाली आत्या ऐकत होत्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही, आत्या. एवढंच आहे."

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच लिहायला हवं होतं."