रस्त्यात गेलेली ओटी

लग्न होऊन मी ज्या घरात आले, ते घर रस्त्याला इतकं खेटून होतं की पेंढ्याची गाडी गेली म्हणजे चार काड्या आमच्या ओटीवर ठेवूनच जायची. अलिबागेहून येणारा रस्ता आमच्या दारासमोर फुटत असे. एक फाटा रेवदंड्याकडे, दुसरा खाली खाडीवरच्या बंदराकडे. अलीकडे आमची ओटी, पलीकडे पिंपळ आणि त्याचा पार, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक गाडीवान बैल मागे रेटायचा, दुसरा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि मग दोघेही आमच्या पायरीवर टेकून पाणी मागायचे. त्यात कोणाला काही अडचण वाटत नव्हती.

मग उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. मोटारीला मागेही जाता येतं, हे आमच्याकडच्या मोटारवाल्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नसावं. समोर काहीही आलं तरी ते भोंगा वाजवत बसायचे. बाजाराच्या दिवशी इकडून मोटार, तिकडून मिठाच्या गाड्या, बंदराकडून माशांच्या पाट्या घेतलेल्या कोळणी, आणि या सगळ्यांच्या मधोमध कोणाची तरी निवांत रवंथ करणारी म्हैस, असा गुंता व्हायचा. तो सोडवायचा मान माझ्या सासऱ्यांचा. मामंजी झोपाळ्यावरून उठत, उपरणं खांद्यावर टाकत आणि ओटीच्या कडेला उभे राहून हुकूम सोडत. "अरे, तू बैल सोड! तू ती म्हैस घे! मोटारवाले, तुमचं ते कोकलणं आधी बंद करा!" त्यांच्या हुकमाने गुंता सुटायचा की आपोआप सुटायचा, हे मी सांगू शकणार नाही. पण सुटला की ते असे परत येऊन बसत, की जणू मोठी लढाई मारून आलेत.

ती ओटी म्हणजे मामंजींचा जीव. संध्याकाळी तिथे चार माणसं जमत. त्यांतले मुख्य म्हणजे समोरच राहणारे सुपारीचे व्यापारी. ते मुसलमान, मामंजी ब्राह्मण, आणि दोघांची दोस्ती लहानपणापासूनची. दोघं मिळून जगाचा कारभार रोज संध्याकाळी चालवत. माझे यजमान मुंबईला नोकरीला होते, तेव्हा घरात पुरुष म्हणजे मामंजी एकटे. आम्ही दोघी बायका, सासूबाई आणि मी, भिंतीच्या आत.

भिंतीचं नीट सांगायला हवं. ओटीमागे माजघर, आणि मधल्या भिंतीला खिडकी अशी नाहीच. एक दार, तेही ओढून घेतलेलं. ओटी पुरुषांची. बायकांनी जायचं यायचं ते मागच्या दाराने, परसातून, वाड्यांच्या कुंपणांमधल्या पाणंदीने. विहीर तिकडे, देऊळ तिकडे. माझं माहेर अलिबागचं, कचेरीच्या रस्त्यावरचं. आम्ही बहिणी खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांच्या पगड्यांना नावं ठेवत असू. मला पहिले काही महिने त्या माजघरात डबीत घालून ठेवल्यासारखं वाटायचं. सासूबाई नऊ वर्षांच्या असताना त्या घरात आल्या होत्या. आता केस पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांत घरासमोरचा रस्ता त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. कुठे लग्नाकार्याला निघायचं तरी परसातून गाडीत बसायचं आणि गाडीला पडदा. देवळात जायचं तर मामंजी पुढे, त्या मागे मान खाली घालून.

पाहायला म्हणून दाराला एक फट होती. पण त्या फटीवर पहिला हक्क सासूबाईंचा. मी सून, माझ्या वाट्याला आवाज. आणि फटीतून तरी काय दिसणार? मामंजींची पाठ, झोपाळ्याची कडी आणि व्यापारीकाकांची टोपी.

"काय दिसतंय?" मी कुजबुजून विचारायची.

"पाठी," सासूबाई म्हणायच्या. "दुसरं काय दिसणार मेलं!"

अशात एके दिवशी सरकारी ओव्हरसियर आले. बरोबर मोजणीची साखळी, लाल निशाणं आणि चार मजूर. तिठा मोठा करायचा, वळण काढून रस्ता सरळ आणि रुंद करायचा, म्हणजे दोन मोटारी शेजारून जातील. मजुरांनी चुन्याची रेघ मारली. ती रस्त्यावरून निघाली, आमच्या पायऱ्या चढली, झोपाळ्याखालून गेली आणि माजघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावरून पलीकडे उतरली. मामंजी झोपाळ्यावर बसलेले होते. त्यांनी नुसते पाय वर घेतले. मला आत हसू आवरेना, तर सासूबाईंनी मला चिमटा काढला. त्याही हसत होत्या.

मामंजींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. अर्ज लिहिले, अलिबागेला खेपा घातल्या. त्यांचं म्हणणं, रस्ता पिंपळामागून वळवा, तिथे मोकळी जागा आहे. ती जागा व्यापारीकाकांची. त्यांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "दोस्ता, खुशाल देतो जागा. तुझी ओटी गेली तर मी रोज बसू कुठे?"

त्या दिवशी दिवेलागणीला सासूबाई वाती वळत होत्या. वळता वळता म्हणाल्या, "ओटी गेली की माजघराची भिंत थेट रस्त्यावर येईल ना गं?"

"येईल."

"मग तिला खिडकी ठेवावी लागेल."

"लागेलच असं काही नाही."

"ठेवता तरी येईल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वात इतकी पीळ देऊन वळली की ती दोरीसारखी झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडावर लहान मुलीसारखा भाव होता. आयुष्यात या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता हवी होती ती एक खिडकी.

नकाशा वरच्या साहेबाकडे जायच्या आधी रेघ कुठून जाणार ते ओव्हरसियरच्या हाती होतं. मामंजींनी आमच्याकडचा नेहमीचा उपाय काढला. आमच्याकडे कोणाकडूनही काही करून घ्यायचं असलं तर त्याला आधी पाटावर बसवतात. पोट भरलेला माणूस नाही म्हणत नाही, यावर गावाचा ठाम विश्वास. व्यापारीकाका सुपारीचा सौदासुद्धा जेवण झाल्यावरच बोलायचे. मामंजींनी ओव्हरसियरना जेवायला बोलावलं आणि आत येऊन सांगितलं, "असा स्वयंपाक व्हायला हवा की बोटं चाटत रेघ पुसली पाहिजे!"

म्हणजे पाहा, ज्या बाईला ओटी गेलेली हवी होती, तिनेच ती वाचवायचा स्वयंपाक करायचा. आणि सासूबाईंच्या हाताला तर गावात तोड नव्हती. त्या सकाळी मी नारळ खवत होते आणि डोळा त्यांच्यावर ठेवून होते. वालाचं बिरडं झालं, अळूचं फदफदं झालं, सोलकढी झाली. एकदा त्या बिरड्यावर मुठीत मीठ घेऊन थांबल्या. मीठ त्यात आधीच पडलेलं होतं, मी पाहिलं होतं. त्यांची मूठ तशीच थांबली, आणि मग त्यांनी ते मीठ परत मिठाच्या सटात टाकलं.

"काय झालं?" मी साळसूदपणे विचारलं.

"काही नाही. अन्नाने काय घोडं मारलंय?" त्या म्हणाल्या आणि मोदकांच्या पाऱ्या करायला बसल्या. अशा पातळ पाऱ्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

ओव्हरसियर तरुण होते, देशावरचे. खाणावळीत जेवून कंटाळलेले असावेत, कारण पहिल्या दोन घासांतच त्यांचा चेहरा बदलला. मामंजी शेजारच्या पाटावर जेवता जेवता मिशीत हसत होते. तिसरा मोदक झाला, चौथ्यावर तुपाची धार पडली, आणि मामंजींनी हळूच विषय काढला. पिंपळ, मागची मोकळी जागा, थोडासाच वळसा.

"जमेल तसं," ओव्हरसियर म्हणाले. "जमवू आपण." माझ्या हातातली तुपाची वाटी जड झाली.

मग सासूबाई आग्रह करायला पाचवा मोदक घेऊन आल्या, तशी ओव्हरसियरनी हात आडवा धरला. "काकू, आता पुरे! माझ्या आईनंतर असं कोणी वाढलं नाही. तुमच्यासाठी काय करू, तेवढं सांगा."

मामंजींची कळी खुलली. "सांग, सांग! तुझ्या तोंडानेच सांग की!"

सासूबाईंनी मोदक पानात ठेवला. पदर डोक्यावर नीट घेतला. आणि ताटाकडे बघत, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "रस्ता सरळ न्या. ओटी जाऊ दे."

ओव्हरसियरनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी सासूबाईंकडे, आणि मी तुपाच्या वाटीकडे. मामंजींच्या तोंडात घास होता, तो गिळायलाही ते विसरले. पाहुण्यासमोर बोलायची सोय नाही, आणि सांग म्हणून तर आपणच म्हटलेलं. ओव्हरसियर खाली मान घालून मोदक संपवत राहिले. मला आजही वाटतं की त्यांना हसू येत होतं.

रस्ता सरळ गेला. पावसाळा सरल्यावर मजूर आले आणि एका सकाळी झोपाळा उतरवला. मामंजी त्या दिवशी वाडीत जाऊन बसले ते जेवायलाही आले नाहीत. ओटीचे वासे काढताना घर कलेल म्हणून मी घाबरले, तर मजुरांतला म्हातारा मला म्हणाला, "भिऊ नको बाय. खांब जुनं हायती, घर काय न्हाय पडायचं." घर पडलं नाही. पण घरातलं बोलणं बंद पडलं. मामंजी सासूबाईंशी बोलेनात. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "सूनबाई, तिला म्हणावं आमटीला मीठ कमी आहे." सासूबाई हाताच्या अंतरावर उभ्या. "सूनबाई, स्वारीला म्हणावं ताटात वाढलंय मीठ." निरोप्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात चार गोष्टी गाळून, चार पदरच्या घालून शांतता राखत होते. माझा राग मामंजींवर होता आणि त्यांची दयाही येत होती. त्यांची सभा आता समोर पिंपळाच्या पारावर भरत असे, आणि मधला रस्ता आता असा रुंद की पारावरून दिलेले हुकूम कोणाला ऐकूही जात नव्हते. नाहीतरी हुकमांची गरज राहिली नव्हती. मोटारी शेजारून शेजारून निघून जात.

आणि भिंतीला खिडकी झाली. गवंड्याने विचारलं किती उंचीवर, तर सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "इथून दिसायला हवं." गज बसले, दारं बसली. पहिल्या दिवशी त्यांनी दुपारचं सगळं झटपट आवरलं, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि खिडकीशी बसल्या. मला म्हणाल्या, "तूही ये. आता फटीसारखं नाही, दोघींना पुरेल."

काय मजा केली आम्ही! वर्षानुवर्षं नुसते आवाज ऐकलेली माणसं त्यांना आता दिसत होती. जिच्या हाकेने माजघरातली भांडी थरथरत ती कोळीण निघाली चिमणीएवढी. ज्या गाडीच्या घुंगरांवरून त्यांनी मोठे खिल्लारी बैल कल्पिले होते, ती ओढत होता एक खंगलेला बैल. "हा होय तो!" म्हणत त्या हसून हसून डोळे पुसायच्या. मोटार गेली की लाल धुळीचा लोट आत यायचा, आम्ही शिंकायचो आणि पुन्हा बघायला लागायचो.

संध्याकाळ होत आली. पारावरची माणसं उठली. कोणी एक म्हातारे रस्ता ओलांडायला कडेला येऊन उभे राहिले. एक मोटार गेली, ते थांबले. दोन पावलं टाकली, दुसरी मोटार दिसली, तशी मागे सरले. पाठीला बाक आलेला, मान पुढे, एका हाताने धोतराचा सोगा धरलेला आणि दुसरा हात डोळ्यांवर.

"अगं, ते म्हातारे कोण?" सासूबाई म्हणाल्या. "किती थकलेत बिचारे. कोणी हात द्यायला हवा त्यांना."

मला वाटलं त्या टोमणा मारताहेत. मी फिसकन हसले. आणि त्यांच्याकडे पाहिलं तर तिथे टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. माझं हसू तिथेच विरलं. झोपाळ्यावर ताठ बसलेले मामंजी त्यांनी पाहिले होते, पाटावर बसलेले पाहिले होते, पुढे चालणारी त्यांची पाठ पाहिली होती. पण समोरून, लांबून, उघड्या रस्त्यावरून आपल्याकडे चालत येणारे कधी पाहिलेच नव्हते.

म्हाताऱ्यांनी डोळ्यांवरचा हात काढला. सासूबाईंनी गज घट्ट धरला.

"स्वारी आहे गं," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "मी यांची ओटी काढून घेतली."

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या होत्या. मागच्या दाराकडे गेल्या नाहीत. पुढचं दार उघडलं, नव्या पायऱ्या उतरल्या आणि भर तिन्हीसांजेला, पारावरच्या सगळ्या माणसांदेखत, रस्त्यावर गेल्या. बंदराकडून मोटार येत होती, भोंगा वाजत होता. त्यांनी तिच्याकडे तोंड करून हात वर केला. मोटार थांबली.

"काय हे?" मामंजी म्हणाले. कित्येक दिवसांत ते त्यांच्याशी सरळ बोलले ते हे. "लोक बघताहेत."

"बघू देत. तुम्ही खाली बघा, खडी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आल्या.