गोजराबाईच्या चपला

केनवडच्या गोजराबाईला एका जागी बसून फोनवर बोलणं कधी जमलं नाही. फोन आला की तिचे पाय चालू लागतात. बोलणं ओसरीवर सुरू होतं, आणि संपतं कुठं ते तिलाच पाहावं लागतं. गाव हसतं. हसेना का, तिचं काय जातं!

त्या रविवारी वैजयंतीचा व्हिडिओ फोन आला तेव्हा ती वावराच्या धुऱ्यावर, बांधावर होती. वैजयंती ही तिची एकुलती लेक, कोरियातल्या सोल शहरात नोकरीला. नोकरी आता आणखी काही वर्षं वाढवून मिळत होती; पण माय 'हो' म्हणेस्तोवर होकार द्यायचा नाही, असं लेक अडून बसलेली. गोजराबाई रोज विषय टाळायची. तिथली थंडी, तिथली भाषा, तिला कशाचंच भ्या नव्हतं. इतक्या दूर आपल्या लेकीला 'जेवली का' म्हणून विचारणारं कोणी आहे का, एवढंच तिला खात होतं.

"माय, चाल माह्यासंग. आज जुन्या गल्ल्या पाहू," वैजयंती म्हणाली.

दोघी निघाल्या. तिकडं दगडी चढण, इकडं पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. फोनमध्ये काळ्या कौलांची, कडेला वर वळलेली छपरं सरकत होती. पंख्यांची, कागदाची, मातीच्या भांड्यांची इवली दुकानं येत होती. घोळदार झगे भाड्यानं घेऊन पोरी मिरवत होत्या. एका दारापुढं चटईवर लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या.

"हालवा म्हन त्यायले, खालून वल्ल्या राह्यतीन," गोजराबाई म्हणाली.

गल्लीच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. अंगणात मोठमोठे रांजण.

"याच्यात सोयाबीन मुरवतात, माय. मंग त्याची आमटी करतात."

गोजराबाई थबकली. जन्मभर तिनं सोयाबीन पेरलं, सोंगलं, पोत्यात भरून बाजारात धाडलं. चाखून पाहायचं कधी मनातही आलं नाही. तिला लाज वाटली आणि हसूही आलं.

वैजयंतीनं उंबऱ्यापाशी बूट काढले. परक्याच्या घरात चपलेनं कसं शिरायचं, म्हणून गोजराबाईनंही काढल्या आणि लेकीच्या मागं मागं आत गेली. तळव्याला लाकडाची गार जमीन लागली, अगदी खरी लागली. म्हातारी काहीतरी बोलली.

"काय म्हनते वं ते?"

"जेवली का, म्हनते. दर रविवारी इचारते. हो म्हटलं तरी आयकत नाई, बसवतेच."

म्हातारीनं वाफाळता वाडगा पुढं ठेवला आणि स्वतः समोर बसली. लेक जेवत होती आणि दोन म्हाताऱ्या, एक तिथं, एक इथं, तिच्या घासाकडं बघत होत्या.

"राह्य बाई तिथं," गोजराबाई म्हणाली. "सांगून दे नोकरीवाल्यायले, माय हो म्हनते."

एवढ्यात रेंज गेली. गोजराबाई भर वावरात उभी होती, काळ्या ढेकळांवर, अनवाणी. चपला कुठं काढल्या ते काही केल्या आठवेना. तिनं फार शोधल्याही नाहीत.

वाटेत शेजारच्या वावरातला रामकिसन भेटला. "काकू, अनवानी काहून? चपला कुठी गेल्या?"

"लेकीच्या घरी राह्यल्या," गोजराबाई म्हणाली, आणि सोयाबीनच्या ओंजळभर शेंगा पदरात घेऊन चुलीकडं चालू लागली.